ऑपरेशननंतर पीएसए पुन्हा चढतोय: पीएसएमए पेट स्कॅन आत्ताच की थांबून?

सातारची_शेवंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात आजवर नुसती वाचक होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

बाबा ६८ वर्षांचे. तीन वर्षांपूर्वी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं रोबोटिक ऑपरेशन झालं, ग्रंथी पूर्ण काढली. ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक याचा अंक) ४+३. काढलेल्या लिम्फ नोड स्वच्छ होत्या, पण एका कडेला मार्जिन पॉझिटिव्ह आलं, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी होत्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, लगेच रेडिएशन नको, पीएसएवर (प्रोस्टेटच्या पेशी बनवतात ते रक्तातलं प्रथिन) लक्ष ठेवू. दोन वर्षं पीएसए मोजण्याइतकाही नव्हता. मग ०.०९ आला, सहा महिन्यांनी ०.१७ आणि त्यानंतर पाच महिन्यांनी ०.२८.

त्रास काहीच नाही. रोज सकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्यापर्यंत चालून येतात. त्यामुळे ‘मला काय धाड भरलीय?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न.

युरॉलॉजिस्ट म्हणतात, आधी पीएसएमए पेट स्कॅन करा, कुठे आहे ते बघू. रेडिएशनचे डॉक्टर म्हणतात, स्कॅन करा हवा तर, पण त्यात काही दिसो न दिसो, रेडिएशन लांबवू नका. भावाचं म्हणणं, एवढा खर्च कशाला, साधा बोन स्कॅन करू. आत्या म्हणते, तेव्हाच लाइट (रेडिएशन) दिले असते तर ही वेळ आली नसती.

मला विचारायचंय ते असं. ०.२८ ला हा स्कॅन काही दाखवतो का? बोन स्कॅनवर भागेल का? गॅलियमचा आणि फ्लोरिनचा असे दोन प्रकार सांगितले, त्यात काय फरक? डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, प्रश्न नीट घेऊन गेलेलं बरं.

---

पारंब्या

न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट होतो, आता निवृत्त. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो.

आधी आत्याबाईंचं. थांबले ते चुकलं नाही. ब्रिटन, डेन्मार्क, कॅनडा आणि आयर्लंडमधल्या १३९६ पुरुषांवर ‘रॅडिकल्स’ नावाची चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल आले. ऑपरेशननंतर सगळ्यांना सरसकट रेडिएशन देण्यापेक्षा पीएसएवर नजर ठेवून, तो चढू लागताच लवकर देणं, यात आजार आटोक्यात ठेवण्याच्या दृष्टीने फरक दिसला नाही. उलट सरसकट दिलेल्यांना लघवीचे त्रास जास्त झाले. मात्र यातला ‘लवकर’ हा शब्द विसरू नका. तुमचे रेडिएशनचे डॉक्टर तेच सांगताहेत.

ग्रंथीच काढल्यावर पीएसए कुठून येणार? म्हणून ऑपरेशननंतर तो ०.२ किंवा वर गेला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच आला, की आजार परतला असं धरतात. याला बायोकेमिकल रिकरन्स म्हणतात. रक्तात आहे, पण शरीरात कुठे ते ठाऊक नाही, अशी ही अवस्था. स्कॅनचं काम तिथे सुरू होतं.

बोन स्कॅन कॅन्सर थेट दाखवत नाही. कॅन्सरने हाड पोखरलं की हाड डागडुजी करू लागतं, ती डागडुजी त्यात दिसते. पीएसए दहाच्या खाली असेल तर त्यात क्वचितच काही सापडतं. ०.२८ ला बोन स्कॅन म्हणजे पैसे कमी गेले एवढंच समाधान, उत्तर नाही. सीटी नोडच्या आकारावर चालतो. पाच मिलिमीटरच्या नोडमध्ये आजार असला तरी सीटी तिला नॉर्मल म्हणणार.

पीएसएमए हे प्रोस्टेटच्या पेशींच्या पृष्ठभागावरचं प्रथिन. कॅन्सरच्या पेशींवर ते बहुधा कितीतरी पट जास्त असतं. त्याला जाऊन चिकटणारा एक छोटा रेणू घ्यायचा, त्याला किरणोत्सारी अणू जोडायचा आणि शिरेतून द्यायचा. तासाभराने मशीनखाली झोपवलं की जिथे जिथे तो चिकटलाय तिथे ठिपका उजळतो. सोबतचा सीटी त्या ठिपक्याचा पत्ता सांगतो. आज जास्त वापरला जाणारा पीएसएमए-११ हा रेणू जर्मनीत हायडेलबर्गला तयार झाला.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कॅलिफोर्नियातल्या दोन विद्यापीठांनी मिळून केलेला ६३५ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. सगळे आजार परतल्याचा संशय असलेले. पीएसए ०.५ च्या खाली असताना ३८ टक्के लोकांत काहीतरी दिसलं. ०.५ ते १ मध्ये ५७ टक्के, १ ते २ मध्ये ८४ टक्के, आणि ५ च्या वर ९७ टक्के. म्हणजे बाबांच्या आकड्याला रिपोर्ट कोरा येण्याचीच शक्यता जास्त. आणि कोरा आला तर त्याचा अर्थ ‘आजार नाही’ असा होत नाही. मशीनला दिसावा एवढा तो अजून एका जागी साचलेला नाही, इतकंच.

---

हौशी_हिशेबनीस

३८ टक्के? छापा-काटा केला तरी यापेक्षा बरं उत्तर मिळेल. मग पीएसए १ च्या वर जाईपर्यंत थांबावं, तेव्हा स्कॅन करावा, म्हणजे पैसे वसूल. माझं काही चुकतंय का?

---

दवबिंदू_

हिशेबनीस, हिशेब बरोबर आहे, पण जमाखर्चाची बाजू उलटी मांडलीत. (मी रेडिएशन ऑन्कोलॉजीची रेसिडेंट. इथे कुणाच्या केसवर सल्ला देत नाहीये.)

ऑपरेशननंतर परतलेला आजार पुन्हा पूर्ण बरा करण्याची जी एक संधी असते, ती म्हणजे प्रोस्टेट होती त्या जागेला दिलेलं रेडिएशन. पीएसए जितका कमी असताना ते द्यावं तितकं यश जास्त. ०.५ च्या आत द्या असं बहुतेक ठिकाणी सांगतात, त्याहून आधी दिलं तर उत्तमच. म्हणजे स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून पीएसए वाढू द्यायचा आणि त्यातच ही संधी घालवायची. असे रुग्ण आमच्याकडे येतात. फाइलमध्ये तीन-तीन कोरे स्कॅन आणि पीएसए दीड.

युरोपियन युरॉलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आहे. पीएसएमए पेट निगेटिव्ह आला म्हणून हे रेडिएशन पुढे ढकलू नका.

मग स्कॅन करायचाच कशाला? कारण तो ३८ टक्क्यांत आला तर बेत बदलतो. कमरेतल्या एखाद्या नोडमध्ये ठिपका दिसला तर रेडिएशनचं क्षेत्र तिथपर्यंत वाढवता येतं, नोडला जास्त डोस देता येतो. लांबच्या हाडात दिसला तर नुसत्या प्रोस्टेटच्या जागेला लाइट देऊन काय मिळणार, हा विचार करावा लागतो. अमेरिकेत एमरी विद्यापीठात १६५ रुग्णांवर चाचणी झाली. निम्म्यांचं रेडिएशन जुन्या पद्धतीच्या स्कॅनवर आखलं, निम्म्यांचं पेट बघून. तीन वर्षांनी आजार आटोक्यात असलेले अनुक्रमे ६३ टक्के आणि ७५.५ टक्के. तिथे वापरलेलं औषध पीएसएमए नव्हतं, फ्लुसिक्लोविन होतं. पण ५० पुरुषांचे दोन्ही स्कॅन करून बघितले तेव्हा फ्लुसिक्लोविनने २६ टक्क्यांत आणि पीएसएमएने ५६ टक्क्यांत आजार शोधला.

शेवंतीताई, एक गोष्ट आवर्जून विचारा. हार्मोनचं (पुरुषी हार्मोन दाबणारं) इंजेक्शन स्कॅनच्या आधी की नंतर? दीर्घकाळच्या हार्मोन उपचाराने ठिपके फिके पडू शकतात. कुणी ‘इंजेक्शन घेऊन ठेवा, स्कॅनची तारीख मिळेल तेव्हा मिळेल’ म्हणालं, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा.

---

जुनं_खोड

वय ७४, या वाटेने जाऊन आलेला माणूस. पारंब्या आणि दवबिंदू यांनी ‘दिसलं नाही तर काय’ ते सांगितलं. मी ‘दिसलं पण नव्हतंच’ ते सांगतो.

माझा पीएसए ०.४ च्या आसपास होता. स्कॅन फ्लोरिनचा, पीएसएमए-१००७ नावाचा. रिपोर्टमध्ये डाव्या बाजूच्या सातव्या बरगडीत ठिपका. मुलाने रिपोर्ट मोबाइलवर वाचला, सुनेने नेटवर शोधलं, आणि संध्याकाळपर्यंत घरात सुतक. हाडात गेलं म्हणजे चौथी स्टेज, हे सगळ्यांना पाठ! एका डॉक्टरांनी तर रेडिएशन रद्द, आता आयुष्यभर हार्मोन, असं सांगूनही टाकलं.

दुसरं मत घेतलं. तिथल्या न्यूक्लिअर मेडिसिनच्या बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सीडी लावून चित्रं स्वतः बघितली. म्हणाल्या, या औषधाने बरगड्यांत असे फिके, एकटे ठिपके पुष्कळदा येतात, त्यातले बहुतेक कॅन्सरचे नसतात. एमआरआय केला, त्यात काही नाही. पुढे प्रोस्टेटच्या जागेला रेडिएशन घेतलं, पीएसए उतरला आणि उतरलेलाच आहे. बरगडीत खरंच आजार असता तर नुसत्या खालच्या रेडिएशनने तो कसा उतरला असता?

तर शेवंतीताई, रिपोर्टमधली ओळ वाचून घरात बैठक बोलावू नका. किती ठिपके, कुठे, किती गडद, सीटीत त्या जागी काही आहे का, हे विचारा.

---

पारंब्या

जुनं खोड यांना अनुमोदन. बरगड्यांखेरीज फसवणाऱ्या आणखी जागा आहेत. मणक्याच्या बाजूला मज्जातंतूंच्या छोट्या गाठी, गँग्लिया, असतात. त्या सगळ्यांच्याच थोड्या उजळतात आणि नवख्या डोळ्याला लिम्फ नोड वाटतात. जुनं फ्रॅक्चर, हाडाचे काही साधे आजार, झालंच तर टीबी. आपल्याकडे छातीतल्या नोड उजळल्या की टीबी मनात आलाच पाहिजे. लाळग्रंथी, अश्रुग्रंथी, मूत्रपिंडं, लहान आतडं ही तर नेहमीच झगझगीत दिसतात, त्याने घाबरू नका. पीएसएमएच्या नावात प्रोस्टेट असलं तरी ते फक्त प्रोस्टेटमध्येच नसतं.

आता गॅलियम की फ्लोरिन. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ, ६८ मिनिटं. ते जर्मेनियमच्या जनरेटरमधून हॉस्पिटलमध्येच काढतात. जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवस, त्यामुळे एक जनरेटर कित्येक महिने चालतो. पण काढलेला डोस दोन तास पडून राहिला तर तीसेक टक्केच उरतो. म्हणून अपॉइंटमेंटला उशीर करू नका. तुम्ही खंबाटकी घाटात अडकलात तर तुमचा डोस तिकडे विरतोय, असं समजा. फ्लोरिन-१८ ला सायक्लोट्रॉन (किरणोत्सारी अणू बनवणारं मोठं यंत्र) लागतो, पण अर्धायुष्य ११० मिनिटं, म्हणून तो एका ठिकाणी बनवून गाडीने दुसरीकडे नेता येतो. अवांतर: देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळला, बीएआरसीच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये बसला. आम्ही तेव्हा तो बघायला म्हणून गेलो होतो.

रुग्णाच्या दृष्टीने मोठा फरक लघवीचा. गॅलियमचा पीएसएमए-११ लघवीतून बाहेर पडतो, त्यामुळे मूत्राशय पेटलेलं दिसतं. ऑपरेशनमध्ये मूत्राशय खाली मूत्रमार्गाला जोडतात, आणि आजार परतण्याची नेहमीची जागा नेमकी त्या जोडाजवळ. झगमगाटात छोटा ठिपका झाकला जातो. त्यासाठी लघवी जास्त व्हायचं औषध देतात, मशीनवर जायच्या आधी मूत्राशय रिकामं करायला लावतात. पीएसएमए-१००७ लघवीत फार उतरत नाही, यकृतावाटे जातो. तिथे खालचं चित्र स्वच्छ, पण बरगड्यांची ती कटकट. दोन्ही चालतात. जे मशीन आणि जो वाचणारा तुमच्याकडे चांगला, ते घ्या. जोडापाशी शंका राहिली तर एमआरआय आहेच.

---

यारा_काठी

मेलबर्नहून. इथे पीटर मॅककॅलम कॅन्सर सेंटरच्या पुढाकाराने मोठी चाचणी झाली होती, ३०२ पुरुष, २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. पीएसएमए पेटची अचूकता ९२ टक्के, सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५. मग ३८ टक्के कुठून आले?

---

दवबिंदू_

ती चाचणी उपचाराआधीच्या रुग्णांची होती. प्रोस्टेट जागेवर, आजार जास्त जोखमीचा, आणि प्रश्न होता ‘बाहेर पसरलाय का’. इथे ग्रंथी काढलेली आणि पीएसए ०.२८. प्रश्नच वेगळा, म्हणून आकडेही वेगळे. आपल्याकडे टाटामध्ये २२४ रुग्णांवर रेडिएशनची एक चाचणी झाली, त्यातही बहुतेकांचं स्टेजिंग पीएसएमए पेटने केलं होतं. तीही पहिल्या उपचाराचीच. बातम्यांत हे सगळे आकडे एकाच टोपलीत येतात.

---

यारा_काठी

समजलं, धन्यवाद. इथे जुलै २०२२ पासून मेडिकेअरमध्ये (सरकारी आरोग्य विम्यात) हा स्कॅन बसतो, आजार परतल्याच्या शंकेसाठीसुद्धा. त्यामुळे माझ्या सासऱ्यांच्या वेळी खर्चाचा विचारच करावा लागला नाही. भारतात तो करावा लागतो हे वाचून हिशेबनीसांचा मुद्दा मला तितका चुकीचा वाटत नाही.

---

कंदमुळे

रोज टोमॅटोचं सार आणि भोपळ्याच्या बिया. माझ्या मामेसासऱ्यांचा पीएसए अर्ध्यावर आला. स्कॅनची किरणं शरीरात घालून घेण्यापेक्षा हे करून बघा.

---

जुनं_खोड

सार मीही पितो, चवीसाठी. मामेसासऱ्यांची प्रोस्टेट जागेवर होती का काढलेली? जागेवर असेल तर साध्या सुजेनेही पीएसए वरखाली होतो. काढलेल्या माणसात तो आपोआप अर्ध्यावर येत नाही.

---

गोदाघाट

धाग्याला थोडा फाटा फोडतो. माझ्या काकांना ऑपरेशन नाही, रेडिएशन दिलं होतं. पीएसए ०.४ वर उतरला होता, आता १.१ आहे. ०.२ चा नियम लावला तर केव्हाच परतला म्हणायचा. घरात रडारड चालू आहे.

---

दवबिंदू_

रडारड थांबवा आधी. रेडिएशनमध्ये ग्रंथी शरीरातच राहते, ती थोडा पीएसए बनवतच राहते. तिथे नियम वेगळा: सर्वात खालचा आकडा अधिक २. काकांच्या बाबतीत २.४. शिवाय रेडिएशननंतर पहिल्या दोन-तीन वर्षांत पीएसए मध्येच उसळून परत खाली बसतो, असं बऱ्याच जणांत होतं. आत रेडिओॲक्टिव्ह बिया बसवून उपचार झाला असेल तर जास्तच. वारंवार तपासत राहा. सलग चढत राहिला तर २.४ ची वाट न बघता डॉक्टरांना भेटा. त्यांच्यात पीएसएमए पेटसोबत प्रोस्टेटचा एमआरआय आणि गरज पडल्यास बायोप्सीही लागते.

---

पारंब्या

शेवंती, मी तुमचे आकडे मांडून बघितले. ०.०९ ते ०.२८ अकरा महिन्यांत, म्हणजे पीएसए साधारण सात महिन्यांत दुप्पट होतोय. फार भीतीदायक नाही, पण निवांत बसावं असंही नाही. तिन्ही तपासण्या एकाच लॅबच्या आहेत ना? लॅब बदलली की एवढ्या छोट्या आकड्यांत फरक पडतो.

तयारीचं: साखरेच्या (किरणोत्सारी ग्लुकोज देऊन करतात त्या नेहमीच्या) पेट स्कॅनसारखा कडक उपास बहुधा लागत नाही, मधुमेह असला तरी अडचण नाही. पाणी भरपूर. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) रिपोर्ट न्या. स्कॅननंतर काही तास गर्भवती आणि तान्ही बाळं यांच्यापासून लांब बसायचं. आणि डॉक्टरांनी ‘पेट स्कॅन’ एवढंच लिहिलं असेल तर पीएसएमए हा शब्द चिठ्ठीवर लिहून घ्या. नेहमीच्या साखरेच्या पेटमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर बऱ्याचदा उजळतच नाही.

---

सातारची_शेवंती (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. तपासण्या एकाच लॅबच्या आहेत. स्कॅन झाला, पुण्यात, गॅलियमचा.

कोरा. कुठेही काही नाही. बाबांनी रिपोर्ट हातात आल्या आल्या कंदी पेढे आणायला पाठवलं आणि जाहीर केलं की रेडिएशन रद्द. भावालाही तसंच वाटतंय. मला पारंब्याकाकांचं वाक्य आठवत होतं, पण पेढे खाणाऱ्या माणसाला ते कसं सांगायचं?

---

जुनं_खोड

पेढे खाऊ द्या, बातमी चांगलीच आहे. हाडात, लांबच्या नोडमध्ये दिसेल इतकं काही नाही, म्हणजे जे आहे ते जुन्याच जागी असण्याची आशा धरता येते, आणि त्या जागेला उपचार आहे. बाबांना असं सांगून बघा: रेडिएशनने काम व्हावं असाच हा रिपोर्ट आहे. मला माझ्या डॉक्टरांनी हेच सांगितलं तेव्हा पटलं. ‘रिपोर्ट फसवा असतो’ वगैरे सांगू नका, म्हातारी माणसं हट्टाला पेटतात. स्वानुभव.

आणि त्यांना विचारा, स्कॅन कोरा आहे तर रक्तातला ०.२८ येतोय कुठून?

---

सातारची_शेवंती (धागाकर्ती)

काका, शेवटचा प्रश्न लागू पडला. बाबा निवृत्त लेखापाल आहेत. ताळेबंद जुळत नाही म्हटल्यावर स्वतःच डॉक्टरांकडे चला म्हणाले.

ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांच्या बैठकीत) केस ठेवली होती. प्रोस्टेटच्या जागेला रेडिएशन ठरलंय, आठवड्यातून पाच दिवस, साडेसहा आठवडे. सोबत सहा महिने हार्मोन द्यायचं का, ते पुढच्या भेटीत ठरेल, तोवर रक्ताच्या आणखी तपासण्या. रोज सातारा-पुणे झेपणार नाही म्हणून मावशीकडे कोथरूडला राहतील.

---

दवबिंदू_

छान. प्लॅनिंगच्या सीटीला जाताना पेट स्कॅनची सीडी न्या, नुसता कागद नको. आणि इथे मूत्राशय भरलेलं लागतं, पेटच्या बरोबर उलट. रोज साधारण तितकंच पाणी, तितकाच वेळ आधी. सुरुवातीला लघवी रोखणं जमत नाही, विशेषतः ऑपरेशन झालेल्यांना. तसं असेल तर टेक्नॉलॉजिस्टला सांगा, ते मार्ग काढतात.

---

हौशी_हिशेबनीस

माझा हिशेब मागे घेत नाही, पण एक कामाचं सांगतो. मेडिक्लेम असेल तर रेडिएशन बहुतेक पॉलिसींत डे-केअरमध्ये बसतं, आणि उपचाराआधीच्या ३० किंवा ६० दिवसांतल्या तपासण्याही क्लेममध्ये घालता येतात. पेट स्कॅनचं बिल, पावती आणि डॉक्टरांची चिठ्ठी, तिन्ही मूळ प्रती ठेवा. स्कॅनची तारीख आणि रेडिएशन सुरू होण्याची तारीख यात किती अंतर पडतंय ते आजच मोजा. पॉलिसी नसेल तर महात्मा फुले योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं, उपचार सुरू होण्याआधी तिथे जा, नंतर नाही.